पोखऱ्यातले तीन महिने

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझा परदेशातला अनुभव'. त्यांना बहुधा अमेरिकेबद्दल ऐकायचं असावं. कंपनीने मला दोनदा तिकडे पाठवलं होतं. पण तिथे मी ऑफिस, हॉटेल आणि मॉल यापलीकडे काही पाहिलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखं फारसं नाही. मी ज्या परदेशाबद्दल बोलणार आहे, तिथे जमिनीवरून जायला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्रही चालतं. तो देश म्हणजे नेपाळ. मी आणि माझा नवरा (ते बघा, शेवटच्या रांगेत बसलेत, कारण मी काय काय सांगणार याची त्यांना धास्ती आहे) २०२४ च्या नोव्हेंबरपासून तीन महिने पोखऱ्यात होतो. सकाळी एका हॉस्टेलमध्ये गाद्यांच्या चादरी बदलायच्या आणि दुपारी एका सरकारी शाळेत संगणक शिकवायचे, असा आमचा दिनक्रम होता.

हे आजच सांगायला एक कारण आहे. आपल्या तुकडीने शाळेला संगणक कक्ष भेट द्यायचं ठरवलंय. वर्गणीही जमतेय. त्याबद्दल मला शेवटी काही म्हणायचंय. आधी पोखऱ्याची गोष्ट ऐका.

आम्ही का गेलो, याचं खरं उत्तर फारसं उदात्त नाही. मुलगा इंजिनीअरिंगला बाहेरगावी गेला. त्याच सुमारास ह्यांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात हे होते. घरात दोघंच उरलो आणि लक्षात आलं, की आमच्यात बोलणं म्हणजे 'गॅस बुक केला का', 'हप्ता गेला का', 'प्लंबर येऊन गेला का' एवढंच राहिलंय. कुठेतरी जाऊ या, पण नुसतं फिरायला नको, हातांना काम असेल असं काहीतरी करू या, असं ह्यांनीच सुचवलं. मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढली. नातेवाइकांनी हळू आवाजात विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?" होता. पण तो त्यांना वाटत होता तो नव्हता.

बॅकपॅकर हॉस्टेल म्हणजे काय ते सांगते, कारण हॉस्टेल म्हटलं की आपल्याला कॉलेजचं वसतिगृह आठवतं. पाठीवर पिशवी घेऊन स्वस्तात फिरणाऱ्यांसाठीची ही जागा. इथे खोली नाही, कॉट भाड्याने मिळते. एका खोलीत आठ-आठ जण, खाली-वर बंक बेड, सामाईक न्हाणीघर. जगभर अशा ठिकाणी रोज चार-पाच तास काम करायचं आणि त्या बदल्यात राहायला-जेवायला मिळवायचं, अशी पद्धत आहे. पण ज्यांना हे करावंसं वाटेल त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. पैसे घेतले नाहीत तरी कॉट आणि जेवण हा मोबदलाच धरला जातो. न्यूझीलंडसारख्या देशात पर्यटक व्हिसावर हे चालत नाही. आम्ही नेपाळ निवडलं त्याचं हेही एक कारण. भारत आणि नेपाळमध्ये १९५० साली झालेल्या करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात जायला-राहायला मोकळीक आहे.

पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौली, आणि मग चक्क पायी चालत सीमा ओलांडली. पलीकडे भैरहवा. तिथून बुटवल, तानसेन करत घाटातून आठ-नऊ तासांची बस. मी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा एवढीशीच वेगळी आहे. पाट्या सगळ्या देवनागरीत, त्यामुळे वाचता येत होत्या आणि म्हणून कळतात असंही वाटत होतं. हा गैरसमज फार दिवस टिकला नाही.

हॉस्टेलमध्ये आम्हाला राहायला दिली ती गाद्या-उशा ठेवायची खोली. त्यात एक बंक बेड. ह्यांचे गुडघे बरे, म्हणून हे वरच्या कॉटवर. पहिल्या रात्री उठताना कपाळ छताला आपटलं, ते पुढे आठवडाभर आपटत राहिलं. काम काय, तर दहा वाजता पाहुणे गेले की चादरी-अभ्रे काढायचे, धुवायला टाकायचे, गच्चीवर वाळत घालायचे, न्हाणीघरं घासायची, आणि आलटून पालटून संध्याकाळी रिसेप्शनला बसायचं. ज्यांच्या हाताखाली वीस माणसं होती, त्या माझ्या नवऱ्याला बावीस वर्षांचा एक मुलगा कमोड कसा घासायचा ते शिकवत होता, आणि हे "बरं, बरं" म्हणत ऐकत होते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण हा माणूस मला नवीनच भेटला.

हॉस्टेलमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना दिदी म्हणत, आम्हीही. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण इथे सांगत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी ओल्या चादरींची बादली घेऊन गच्चीवर निघाले, तर दिदी म्हणाल्या, "आज घाम छैन." मी म्हटलं, थंडीच आहे, घाम कसा येईल? त्या हसायलाच लागल्या. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. कपड्यांना ते लुगा म्हणतात, ते ऐकून आजीचं लुगडं आठवलं. मग ऊन पडलं की खालून हाक यायची, "घाम लाग्यो!" आणि आम्ही दोघं बादल्या घेऊन वर पळायचो. वर गेलं की समोर माछापुच्छ्रे. ६,९९३ मीटर उंचीचं, माशाच्या शेपटीसारखं शिखर. ते पवित्र मानतात, त्यावर चढायला परवानगी देत नाहीत. मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, आणि एकमेकांकडे चालत यायचं. पहिले काही दिवस आम्ही भांडायचो, कारण ह्यांना आडवी घडी आधी हवी आणि मला उभी. दुसऱ्या आठवड्यापासून न बोलता जमायला लागलं, आणि मग दुसरं काहीतरी बोलायला वेळ मिळाला.

आता मी केलेल्या चुकीची गोष्ट. हॉस्टेलचा सगळा हिशेब एका जाड वहीत होता. बुकिंग, किराणा, पगार, सगळं हाताने लिहिलेलं. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर करणारी बाई. मला ती वही बघवेना. कुणीही सांगितलेलं नसताना मी चार रात्री बसून एक्सेलमध्ये सुंदर तक्ता केला. रंग, सूत्रं, कुणाचा पगार कधी द्यायचा याची आठवण करून देणारा लाल चौकोन. मालक खूश झाले. थोड्याच दिवसांत त्यांना घरच्या आजारपणासाठी काठमांडूला जावं लागलं. पुतण्याला म्हणाले, तक्ता सांगेल तसं कर.

नेपाळमध्ये रोजचा व्यवहार विक्रम संवताने चालतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे २०८१ साल चालू होतं. महिने वैशाख, जेठ असे, आपल्या ओळखीचे. पण महिन्याचे दिवस दरवर्षी बदलतात, कधी २९, कधी ३२. ते कुठल्या सूत्रात बसत नाहीत, पंचांगाचा तक्ताच घालावा लागतो. पगार होतो मसान्तला, म्हणजे त्यांच्या महिनाअखेरीला. मंसिर महिना संपला १५ डिसेंबरला. माझा लाल चौकोन लागणार होता ३१ डिसेंबरला. पुतण्या तक्ता बघून थांबला. दिदीही थांबल्या. "कंप्युटरमध्ये आलं नाही" हे उत्तर ऐकून त्या गप्प बसल्या आणि मुलाच्या परीक्षेची फी शेजारणीकडून उसनी घेऊन भरली. हे मला नऊ-दहा दिवसांनी कळलं, तेही चादर घडी करताना, सहज बोलण्यातून. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी त्याच दुपारी पुतण्याला घेऊन बसले, पगार करायला लावला आणि दिदींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "वहीत असतं तर मी बोट दाखवून विचारलं असतं. कंप्युटरला काय विचारणार?"

मी तक्त्यातून पगाराचं पान काढून टाकलं. वही परत आली.

आता शाळेबद्दल. हॉस्टेलच्या मालकांनी आमची गाठ जवळच्या सामुदायिक विद्यालयाच्या मुख्याध्यापिकांशी घालून दिली. तिकडे त्यांना हेडमिस म्हणतात. त्यांनी चहा दिला आणि हिंदीत पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस?" म्हटलं, तीन महिने. दुसरा प्रश्न, "मग पुढे?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी जास्त ताणलं नाही. संगणकाची खोली दाखवली. देणगीत आलेले बारा संगणक, वर शिवलेली कापडी आवरणं, त्यावर धूळ. चालू होते पाच.

पहिले दोन आठवडे फार आनंदात गेले. हे बंद पडलेले संगणक उघडून बसायचे. मी सातवीच्या मुलांना शिकवायचे. मुलं हुशार, गोड, घंटा झाली तरी उठायची नाहीत. मी फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकले, तुम्ही भरपूर हात जोडलेत आणि फुलं पाठवलीत. त्या वेळात गणिताचे सर, ज्यांच्याकडे संगणक हा विषयही दिला होता, मागे खुर्चीवर बसून वह्या तपासायचे. मला वाटायचं, बरं झालं, त्यांना तेवढीच उसंत.

एका शुक्रवारी हेडमिसनी बोलावलं. आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, "तुम्ही माघात जाणार. फागुनच्या पहिल्या तारखेला ही खोली कोण उघडणार?" मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "मुलांना नका शिकवू. सरांना शिकवा. तुमच्या आधी पाहुणे आले, त्यांनी भिंत रंगवली. त्यांच्यानंतर दुसरे आले, त्यांनी तीच भिंत पुन्हा रंगवली. आम्ही दोन्ही वेळा हार घातले."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं फेवा तलावाच्या काठाने बराच वेळ चालत राहिलो. मला राग आला होता, आणि बाई बरोबर बोलत होत्या म्हणून जास्त आला होता. शेवटी हे म्हणाले, "तुला मुलांनी घेरलेलं आवडतं. सरांना शिकवण्यात तसलं काही मिळणार नाही, एवढंच आहे." खरं होतं.

रविवारी (तेव्हा तिकडे सुट्टी शनिवारची असायची, रविवारी शाळा भरायची) मी सरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तेव्हा कळलं, की सरांना संगणकाची भीती वाटायची. आपल्या हातून बिघडला, तर देणगीची वस्तू, भरून कोण देणार? म्हणून ते कळफलकाला हातच लावायचे नाहीत. ते कळफलकाकडे बघत बसायचे आणि माझा हात सारखा माऊसकडे जायचा. 'द्या, मी दाखवते' हे वाक्य ओठांवर.

आणि इथे मला आपली प्रयोगशाळा आठवली. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आम्ही परीक्षानळ्या फोडायचो, स्पिरिटचा दिवा उलटा करायचो, आणि तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे असायचात. आम्हाला वाटायचं, सर रागावलेत. तुम्ही हात आवरून धरत होता, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी पोखऱ्यात कळलं. दुसऱ्या दिवसापासून मीही हात पाठीमागे बांधून उभी राहायला लागले.

ह्यांनीही दुरुस्तीची पद्धत बदलली. स्वतः नीट करायचं सोडून सरांना स्क्रू-ड्रायव्हर दिला. धूळ झटकणं, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसून परत बसवणं, आतली नाण्याएवढी बॅटरी बदलणं, जुन्या यंत्रावर हलकं चालणारं लिनक्स घालणं. एका मेलेल्या संगणकाचे भाग दुसऱ्याला लावून जानेवारी अखेर बारापैकी नऊ चालू झाले. सरांनी एक वही केली, 'चालू झाला नाही तर काय बघायचं', नेपाळीत, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. मी छापून देते म्हटलं, तर नको म्हणाले. वह्यांच्या बाबतीत मी तोवर शहाणी झाले होते.

मुलांची एक आठवण सांगायलाच हवी. सातवीतल्या एका मुलीला कळलं, की आम्ही पुण्याचे. मधल्या सुट्टीत ती आली. म्हणाली, माझे बाबाही पुण्यात आहेत, रात्रीची ड्युटी असते, तुम्ही ओळखता? मी विचारलं, कुठे असतात? तिला सोसायटीचं नाव सांगता येईना. तिला एवढंच माहीत होतं, "गेट नंबर दोन." बाबा रोज ड्युटीवर जाण्याआधी फोन करतात, तेव्हा ते तिथे उभे असतात. मी नाही म्हटलं. ती "ठीक छ, मिस" म्हणाली आणि खेळायला गेली.

परत आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी थांबले. तिथले रात्रीचे रखवालदार नेपाळचे आहेत, हे मला सहा वर्षं माहीत होतं. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये 'गेट' या नावाने होता. ते त्या मुलीचे वडील नव्हते. पण ते स्याङ्जा जिल्ह्याचे निघाले, आमची बस ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्यावरचे. मी बुटवल, तानसेन म्हटलं, तशी त्यांनी खुर्ची पुढे केली आणि अर्धा तास आम्ही घाटाबद्दल, पावसाबद्दल, त्यांच्या घराबद्दल बोललो. फोनमध्ये आता त्यांचं नाव आहे.

आणि मग मला आपल्या गावात रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारे गुरखे आठवले. पेपराच्या आदल्या रात्री जागत बसलो, की ती शिट्टी ऐकून धीर यायचा. पहिल्या तारखेला ते पैसे न्यायला यायचे, तेव्हा आई आतून विचारायची, "कोण आहे?" आणि आपण ओरडायचो, "कुणी नाही, बहादूर आहे!" तुमच्यापैकी कुणाला त्यांचं खरं नाव माहीत असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला सांगा. मी आईला विचारलं, तिला आठवत नाही.

एक गोष्ट राहिली. मालकांना मी एकदा विचारलं होतं, आम्ही फुकट काम करतो म्हणून कुणाचा पगार बुडत नाही ना? ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, पूर्वी मोसमात गावातल्या दोन मुली ठेवायचो, आता तुमच्यासारखे येतात. त्यानंतर पुढच्या मोसमात एक तरी मुलगी पगारावर ठेवा, एवढं मी त्यांना म्हणू शकले. ठेवली की नाही, मला माहीत नाही. असं काम करायला जाणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा. मी शेवटच्या आठवड्यात विचारला.

आता आपला संगणक कक्ष. वर्गणीच्या यादीत वीस संगणक, टेबलं, एसी आणि दारावर आपल्या तुकडीच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. देण्यामागची भावना खरी आहे, मीही पैसे दिलेत. पण माझी तीन मागणी आहेत. एक, आधी शाळेतल्या बाईंना आणि सरांना विचारू या, की त्यांना काय हवंय. ते अजून कुणी विचारलेलं नाही, मी काल चौकशी केली. दोन, वीसऐवजी बारा घेऊ आणि उरलेले पैसे दुरुस्तीसाठी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वेगळे ठेवू. तीन, प्रत्येक शिक्षकाला लेखी सांगू, की यंत्र बिघडलं तर तुमच्याकडून भरपाई मागितली जाणार नाही. पाटीचं नंतर बघू. आम्ही दोघं वर्षभर महिन्यातला एक शनिवार इथे येऊ आणि शिक्षकांसोबत बसू. आणखी कुणी येणार असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.

एप्रिलमध्ये, त्यांच्या नववर्षानंतर, पोखऱ्याहून गणिताच्या सरांचा संदेश आला. त्यात नऊ संगणकांचा फोटो होता, आठ चालू, एक बंद. मी लगेच लिहायला घेतलं, की तो बंद का आहे, काय करून बघा. तेवढ्यात दुसरा फोटो आला. बंद संगणकाचं झाकण उघडलेलं, शेजारी त्यांची वही, आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "बघतोय."

मी लिहिलेलं खोडलं.